दोरभर मोठी काजं

काटा अकरावर गेला, थोडा थरथरला आणि तिथेच बसला.

थेरपिस्टबाईंनी पकड मोजायचं यंत्र आजोबांच्या हातातून घेतलं, रुमालाने पुसलं आणि परत दिलं. "मास्तर, अजून एकदा. या वेळी दात आवळू नका, मूठ आवळा."

आजोबांनी मूठ आवळली. दातही आवळले. अकरा किलो.

सहा आठवड्यांपूर्वी मनगटाचं प्लास्टर निघालं, तेव्हाही अकराच होते.

दुकानामागच्या त्या खोलीत आम्ही सगळे दाटीवाटीने बसलो होतो आणि श्वास घ्यायचासुद्धा आवाज होऊ नये अशी काळजी घेत होतो. आजोबांचं घर म्हणजे पुढे टेलरिंगचं दुकान आणि मागे दोन खोल्या. आजी गेल्यापासून ते तिथे एकटे राहतात आणि त्यांना ते आवडतं, हे आमच्या घरात काकांशिवाय सगळ्यांना मान्य आहे. तीन महिन्यांपूर्वी वरच्या फळीवरचा कापडाचा तागा काढायला आजोबा स्टुलावर चढले आणि ताग्यासकट खाली आले. कंबरेला मार बसला, उजवं मनगट मोडलं. आणि शिवणाऱ्या माणसाचं उजवं मनगट म्हणजे काय, ते मी सांगायला नको.

दवाखान्यातच ठरलं होतं. प्लास्टर निघाल्यावर सहा आठवडे बघायचं. स्वतःचं स्वतः करता येतंय असं थेरपिस्टबाई म्हणाल्या तर आजोबा इथेच राहतील. नाही म्हणाल्या तर काकांकडे, पाचव्या मजल्यावर, आणि दुकानाचं शटर कायमचं खाली. काकांनी तर खोलीला रंगसुद्धा देऊन ठेवला होता. फिकट निळा, लहान बाळाच्या खोलीला देतात तसा.

आज त्या सहा आठवड्यांचा शेवटचा दिवस होता.

"गंमत आहे," बाई म्हणाल्या आणि कपाटाच्या दाराला चिकटवलेल्या तक्त्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. तक्ता त्यांनीच दिला होता. शर्टाची बटणं लावणे, बरण्यांची झाकणं उघडून चहा करणे, ओला टॉवेल पिळणे, हाताच्या व्यायामाची हिरवी माती दहा मिनिटं दाबणे, कुंड्यांना पाणी घालणे. पाच कामं, बेचाळीस दिवस, रोज केलं की खूण करायची. "दोनशे दहापैकी दोनशे दहा. माझ्या बारा वर्षांच्या नोकरीत असा तक्ता मी पाहिला नाही. इतकं खरंच केलं असेल तर हात अकरावर राहणार नाही."

"म्हणजे नापास," काका म्हणाले.

"तू जरा गप बस ना दादा," आत्या म्हणाली. "त्यांना बोलू तरी दे."

"मी गप बसलो तरी काटा पुढे जाणार आहे का?"

काका विमा कंपनीत सर्व्हेअर आहेत. आग लागलेली गोदामं आणि चेपलेल्या गाड्या बघून बघून त्यांना चांगली वस्तू दिसली तरी ती कशी मोडेल हेच आधी दिसतं. त्यांच्या खिशात आत्ताही आजोबांच्या घरातल्या अकरा धोक्यांची यादी होती.

बाई वळल्या. त्यांनी आजोबांकडे पाहिलंच नाही. एकेक करून आमच्याकडे पाहिलं. "मी मास्तरांना विचारत नाहीये. तुम्हाला विचारतेय."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते त्या दिवशी मला दिसलं. बाबा घड्याळाची किल्ली तपासायला लागले. ते घड्याळ सेलवर चालतं. आई माझी कॉलर नीट करायला लागली. मी टी-शर्ट घातला होता.

वर्षभरापूर्वीची मी असते तर अशा वेळी आईच्या पाठीमागे सरकले असते. पण मागच्या महिन्यात शाळेच्या वादविवादात मी पहिल्यांदा उभी राहिले, शेवटपर्यंत बोलले, आणि तेव्हापासून गप्प बसणं मला जमेनासंच झालंय.

"हिरवी माती मी दाबत होते," मी म्हणाले.

"काय?" आई म्हणाली.

"शाळेतून आल्यावर इथे अभ्यासाला बसते ना, तेव्हा. हाताला चाळा म्हणून. आजोबा म्हणायचे, तू कर गं, मला कंटाळा येतो. मग मी करायचे आणि खूणही मीच करायचे. तक्त्यावर माती दाबणे एवढंच लिहिलंय. कुणी, ते लिहिलेलं नाही."

बाईंनी यंत्र माझ्या हातात दिलं. मी दाबलं. सत्तावीस.

"तुझी प्रगती उत्तम आहे," बाई म्हणाल्या. "मैत्रिणींशी हात मिळवताना जपून. आणखी कोण?"

मग एकेक झाकण उघडत गेलं. आणि झाकणांचंच म्हणाल तर ते आईचं काम होतं. औषधांच्या दुकानात कामावर जाताना ती रोज इथे डोकावायची आणि बरण्यांची सगळी झाकणं अर्धा फेरा सैल करून ठेवायची. "अर्धाच हं," ती म्हणाली. "पाऊणसुद्धा नाही." बाबा बस चालवतात. पहिली फेरी संपली की डेपोवरून इकडे यायचे, टॉवेल पिळून परत नुसता ओलसर करून ठेवायचे आणि कुंड्यांच्या झारीत जेमतेम पेलाभर पाणी ठेवायचे.

"मला वाटायचं, मनगट ओलं आहे अजून," बाबा पुटपुटले.

"हाड जुळून सहा आठवडे झाले," बाई म्हणाल्या. "आता ते ओलं नाही, रिकामटेकडं आहे. आणि बटणं? बटणं तर दुसऱ्या कुणाला लावता येणार नाहीत. ती रोज मास्तरांनीच लावली असणार."

आत्या खिडकीतून बाहेर बघत होती. बाहेर भिंत आहे.

आता यापुढचं मी सांगते ते अर्धं आत्याने मला नंतर सांगितलं म्हणून. तेव्हा तिच्या मनात येत होतं की मुकाट्याने बसावं, नानांनी, म्हणजे आजोबांनी, बटणं लावली आणि तो विषय संपला. पण तिला हेही दिसत होतं, की ती गप्प राहिली तर नानांच्या हाताचा दोष निघेल आणि दादा त्यांना घेऊन जाईल. आत्याचं दोन गल्ल्या सोडून पार्लर आहे. एकोणिसाव्या वर्षी तिने आजोबांना सांगितलं होतं, मी तुमच्या मशीनवर आयुष्यभर मान मोडून बसणार नाही. ते भांडण आमच्या घरात सगळ्यांना तोंडपाठ आहे, माझा जन्म नंतरचा असूनही मला. तेव्हापासून बावीस वर्षं तिने सुईत दोरा ओवला नव्हता. तिच्या साड्यांचे फॉल बाहेरून लावून यायचे आणि ते पाहून आजोबा जेवताना मीठ मागायचे, मीठ पुरेसं असलं तरी.

"काजं मी मोठी केलीत," आत्या भिंतीला म्हणाली.

"काय केलंस?" काका.

"दुपारी पार्लर बंद असतं तेव्हा यायचे. नाना झोपलेले असायचे. त्यांच्या शर्टांची काजं उसवली, दोरभर, म्हणजे जराशीच, जास्त कापली आणि परत हाताने बांधली. बटण नुसतं टेकवलं तरी आत जातं." ती वळली. "नऊ शर्ट. एकेकाला सात."

"त्रेसष्ट," मी म्हणाले.

"तू बोलूच नकोस, फितूर. मला बघून गेली होतीस ना परवा दारातून?"

"मी काही बोलले का पण? तूच बोललीस."

थेरपिस्टबाई खुर्चीवर बसल्या. त्यांच्याकडे बघून कळेना की त्या रागावल्यात की हसू दाबतायत. "मी पेशंट खूप पाहिले," त्या म्हणाल्या. "पेशंटला वाचवायला कपडे उसवणारे नातेवाईक पहिल्यांदाच पाहतेय. आणि मास्तर, तुमच्या लक्षात कसं आलं नाही? पन्नास वर्षं तुम्ही हेच केलंत."

आजोबांनी चष्मा काढला. "पहिल्याच दिवशी आलं. माझ्या हातचं काज मला कळणार नाही होय?"

"मग बोलला का नाहीत?" आत्याचा आवाज चढला.

आजोबांनी चष्म्याची काच पुसली. "टाका बरोबर होता," ते म्हणाले.

एवढंच. पण आत्या पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली, जे तिला शेवटपर्यंत सापडलं नाही.

आजोबा झोपलेले नसायचे. हे त्यांनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं आणि कुणाला सांगू नकोस असं म्हणाले नाहीत, म्हणून लिहितेय. ते डोळे मिटून पडून असायचे आणि बाहेर खण उघडल्याचा, कात्री ठेवल्याचा, आत्याच्या बांगड्यांचा आवाज ऐकायचे. एकदा खोकला आला तर तो त्यांनी उशीत दाबला. ती सुई हातात धरून बसलीय आणि आपण उठलो तर ती जाईल, म्हणून. बटणं फुकट लागतायत, हात तसाच राहतोय, हे त्यांना कळत होतं. पण एक दुपार आणखी, एक दुपार आणखी, असं करत बेचाळीस दिवस गेले.

"म्हणजे या सगळ्यांत मोठे चोर तुम्ही," बाई म्हणाल्या.

"हो," आजोबा म्हणाले.

"आणि मी?" काका एकदम म्हणाले. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. "नाही, म्हणजे चोरीच करायची होती तरी मला कुणी विचारलं नाही. हिने काजं कापली, यांनी झाकणं सैल केली, पोरीने माती मळली. या घरात लबाडीतसुद्धा मला धरत नाहीत."

"भावजी, तुम्ही कसला धोका आहे ते आधी लिहून काढलं असतंत," आई म्हणाली आणि बाबांना ठसका लागला. काकाही हसले, पण पूर्ण नाही.

बाई उठल्या. "हे दुकानच आहे ना? मग असा एक शर्ट आणा ज्याला तुमच्यापैकी कुणाचे हात लागलेले नाहीत."

दुकानात एक पांढरा शर्ट दोन वर्षांपासून लटकला होता. गिऱ्हाईक परत आलंच नव्हतं. कडक कापड, सात बटणं, आजोबांची घट्ट काजं. मी तो आणला.

"आता सगळ्यांनी आपापले हात मांडीखाली घ्या. खरंच घ्या. आणि तोंडंही बंद."

आम्ही हातांवर बसलो. तुम्ही कधी असं बसून आपल्या माणसाला धडपडताना पाहिलंय का? मी वार्षिक परीक्षा दिल्यात, त्या सोप्या असतात.

बाह्या व्यवस्थित गेल्या. पहिलं बटण चिमटीतून तीनदा निसटलं. चौथ्यांदा अर्धं आत गेलं आणि परत बाहेर आलं. काकांचा पाय इतका हलत होता की माझी खुर्चीही हलत होती. पहिल्या बटणाला चार मिनिटं लागली. दुसऱ्याला तीन. मग आजोबांनी तिसरं बटण चौथ्या काजात घातलं.

आम्हाला सगळ्यांना ते दिसलं. त्यांना नाही. आईने डोळेच मिटून घेतले. बाबा छताकडे बघायला लागले. काकांचं तोंड उघडलं आणि बाईंनी नुसतं बोट वर केलं. आजोबा एकेक बटण जिंकत खाली खाली गेले, कपाळावर घाम, आणि शेवटी थांबले.

"एक उरलं," ते शांतपणे म्हणाले. खाली पाहिलं. "माझ्याकडे शिकायला आलेल्याने असं केलं असतं तर मी त्याला घरी पाठवला असता."

मग त्यांनी सगळी बटणं काढली. काढून झाल्यावर काठीला हात घातला, उठले आणि दुकानात गेले. आता ते रागावले, आता ते दार लावून घेतील असं मला वाटलं. खण उघडल्याचा आवाज आला. आजोबा परत आले तेव्हा त्यांच्या हातात जाड दोऱ्याचा एक दुहेरी फास होता. ते बसले. फास काजातून आत घातला, खालच्या बटणात अडकवला, उजव्या हाताने कापड नुसतं धरलं आणि डाव्या हाताने दोरा ओढला. बटण सुळकन बाहेर.

दुसरं. तिसरं, योग्य काजात. सातही बटणं लागायला चार मिनिटंसुद्धा लागली नाहीत. शेवटच्याला आजोबांनी दोरा ओढला तो जरा ऐटीतच.

बाईंनी पिशवी उघडून एक वस्तू बाहेर काढली. लाकडी मूठ, पुढे वाकवलेली तार. "हे याचसाठी असतं. आज तुम्हाला द्यायला आणलं होतं."

आजोबांनी ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "बरं आहे. तारेचं टोक बोथट करायला सांगा, कापडाचा धागा ओढला जाईल."

बाईंनी ते खरंच वहीत लिहून घेतलं.

"म्हणजे पास?" आत्याने विचारलं. तिचे हात अजून मांडीखालीच होते.

"पकडीत नाही. ती चार आठवड्यांनी परत मोजू, आणि या वेळी मातीत फक्त मास्तरांचे ठसे पाहिजेत. पण अडल्यावर वाट काढणारा माणूस आपल्या घरात राहू शकतो, असं माझं मत आहे. अटींवर."

"अटी माझ्याकडे आहेत," काका म्हणाले आणि खिशातून यादी काढली. "बाई, तुम्ही सगळे मला वाईट समजता. तीन तास. नाना तीन तास दुकानात फरशीवर पडून होते आणि मी कुठल्यातरी गोदामाच्या छपराला किती भोकं पडली ते मोजत होतो. दार उघडून आत आलो तो मी. तुमच्यापैकी कुणीही नाही."

मला हे माहीत नव्हतं. म्हणजे आजोबा पडले हे माहीत होतं, काकांनी उचललं हे माहीत होतं. तीन तास माहीत नव्हतं. काकांच्या निळ्या खोलीवर मी केलेले सगळे विनोद मला एकदम लाजिरवाणे वाटायला लागले.

बाईंनी यादी शांतपणे वाचली. "यातले आठ मुद्दे मी जसेच्या तसे घेते," त्या म्हणाल्या. "ही सरकती चटई आजच काढा. वरची फळी खांद्याच्या उंचीवर आणा. न्हाणीघरात धरायला दांडा, खुर्चीच्या पायाखाली चार बोटं उंचीचे ठोकळे. इतकं बारकाईने कुणी लिहीत नाही. हे तीन मात्र नाही. मशीन हलवणे, दुकान बंद करणे आणि कधीही एकटं न सोडणे."

"आणि परत पडले तर?"

"तर गळ्यात फोन असेल. आणि फरशीवरून उठायचं कसं, ते मी शिकवलंय. मास्तर, दाखवता?"

"मी कशाला," आजोबा म्हणाले. "तो झोपू दे खाली. मी सांगतो."

आणि आमचे काका, इस्त्रीच्या पँटमध्ये, भर दुपारी फरशीवर आडवे झाले.

"आधी नुसता पडून राहा. कुठे दुखतंय का बघ," आजोबांनी काठीने खूण केली. "घाई करायची नाही. आता कुशीवर हो."

"झालो."

"हा कुशीवर आहे का? हा पालथा आहे. हं. आता कोपरावर भार दे. गुडघे टेकव. खुर्चीपर्यंत रांगत जा."

"रांगत?"

"याच फरशीवर शिकलास तू रांगायला. जा."

काका रांगले. खुर्चीला हात लावला, एक पाय पुढे घेतला, फुसफुसले आणि खुर्चीत बसले. केस विस्कटलेले, गुडघ्यांना धूळ. त्यांनी आजोबांकडे पाहिलं. "हे तुम्हाला येतं?"

"गादीवर चार वेळा केलंय. तुझ्यापेक्षा बरं करतो."

"पहिला फोन मला करायचा, नाना. रुग्णवाहिकेच्याही आधी."

"तुलाच करीन."

काकांनी मान हलवली. मग म्हणाले, "खोली तशीच ठेवतो मी."

"ठेव की. रविवारी जेवायला येईन. दुपारची झोप तिथे काढीन आणि संध्याकाळी परत."

हे बोलेपर्यंत बाबा चटई गुंडाळायलाही लागले होते आणि काका त्यांना ती कशी चुकीची गुंडाळतायत ते सांगत होते. बाईंनी कपाटावरचा जुना तक्ता काढून नवा चिकटवला. वर लिहिलं, आज मदत केली नाही. खाली आम्हा पाचजणांचे रकाने. खूण करायचा अधिकार फक्त आजोबांना.

"आणि माझे शर्ट?" आजोबांनी आत्याकडे न बघता विचारलं. "त्रेसष्ट काजं तेवढी सैल चालणार नाहीत मला. आता परत मूळ मापावर आणावी लागतील."

"आणते घरी नेऊन."

"घरी कशाला? इथे ये. दुपारी." ते थांबले. "मी जागा असेन."

आत्या हो म्हणाली नाही. तिने एक शर्ट उचलला, खिडकीच्या उजेडात धरून काजावरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "हा दोरा उरलाय का अजून?"

बाई गेल्या. मग आजोबांनी आम्हालाही घालवलं. खरोखर घालवलं, काठीने दाराकडे हाकत. आम्ही फुटपाथवर आलो आणि आतून दार लागलं.

त्या दाराला जुनी लोखंडी कडी आहे, जाम झालेली, तीन महिन्यांत ती कायम रात्री सोबतीला थांबलेल्या कुणीतरी लावलेली. आतून खरवडल्यासारखा आवाज आला. थांबला. परत आला. काकांचा हात आपोआप दाराकडे गेला, आईने तो मनगटाला धरून खाली घेतला आणि धरूनच ठेवला. रस्त्याने जाणारी एक बाई आमच्याकडे बघत गेली. पाच माणसं एका बंद दारासमोर श्वास रोखून उभी आहेत, आणि कुणी वाजवत नाहीये.

खट्.

"लागली," बाबा हळूच म्हणाले.

आतून आवाज आला, "ऐकू येतंय मला. निघा आता."

आम्ही निघालो.